बहुसंख्यांचं हित आणि एकट्याची निवड: बेरजेत नेमकं काय धरायचं?

शततारका:

"ज्यात जास्तीत जास्त लोकांचं भलं, ते सरकारनं करावं" आणि "माझ्या आयुष्याचं काय करायचं ते माझं मी बघेन" ही दोन्ही वाक्यं एकच माणूस एकाच दिवशी बोलतो, आणि दोन्ही वेळा मनापासून बोलतो. लोकशाहीच्या सिद्धांतात मात्र ती एकमेकांसमोर दंड थोपटून उभी राहतात. उपयुक्ततावादी म्हणतो, सगळ्यांच्या सुखदुःखाची बेरीज मांडा आणि जास्त भरेल ते करा. दुसरा म्हणतो, त्या बेरजेत माझाच बळी जाणार असेल तर ती बेरीज मला मान्य नाही. बरेच दिवस या विषयावर वाचते आहे आणि माझं एक मत बनलं आहे. ते मांडते, खोडता आलं तर जरूर खोडा.

बेरीज करण्याला माझी हरकत नाही. मात्र बेरजेत काय धरायचं हे आधी ठरलं पाहिजे, आणि दुसऱ्यानं कसं जगावं याबद्दलची माझी इच्छा त्यात धरली जाता कामा नये. एवढं पाळलं तर या भांडणातला मोठा भाग मिटतो असं मला वाटतं.

उपयुक्ततावादाची पायाभरणी करणाऱ्या जेरेमी बेंथॅमचा मुख्य ग्रंथ १७८९ साली प्रसिद्ध झाला. माणसाची किंमत जन्मावरून ठरण्याचे ते दिवस. त्या काळात उमरावाचं सुख आणि मजुराचं सुख एकाच मापानं मोजायचं, प्रत्येकाला एक धरायचं, कोणालाही एकापेक्षा जास्त धरायचं नाही, हा विचार किती धीट होता हे आज चटकन लक्षात येत नाही. (तो नियम या स्वरूपात बेंथॅमच्या नावावर मांडला जॉन स्टुअर्ट मिलनं.) एका माणसाला एक मत या मागणीशीही तो थेट जुळतो. त्यामुळे उपयुक्ततावादाला सरसकट लोकशाहीविरोधी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

तरीही मतदान म्हणजे सुखाची बेरीज नव्हे. समजा शंभर माणसं आहेत. एका निर्णयानं साठ जणांचा प्रत्येकी एक एककाइतका फायदा होतो आणि चाळीस जणांचं प्रत्येकी पाच एककांइतकं नुकसान होतं. मतदानात निर्णय साठ विरुद्ध चाळीसनं मंजूर. बेरीज मात्र साठ वजा दोनशे, म्हणजे उणे एकशे चाळीस. म्हणजे बहुमताच्या नावानं जे घडतं त्याचं खापर दरवेळी उपयुक्ततावादावर फोडता येत नाही. इथे तर बेरीजच चाळीस जणांच्या बाजूनं उभी आहे.

अडचण दुसऱ्या प्रकारात आहे. शंभरातला एक जण वेगळ्या पद्धतीनं जगतो. कोणाला इजा करत नाही, कोणाचं काही घेत नाही. बाकीच्या नव्व्याण्णव जणांना त्याचं तसं असणं थोडं थोडं खटकतं. थोडं गुणिले नव्व्याण्णव केलं तर आकडा मोठा होतो आणि एकट्याची वेदना त्याच्यापुढे छोटी ठरते. बंदी घाला, असं गणित सांगतं. कायद्याचा तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किननं इथे बोट ठेवलं. त्या नव्व्याण्णव जणांनी स्वतःच्या आयुष्यासाठी एकदा मत दिलं आणि त्या एकट्याच्या आयुष्याबद्दल आणखी एकदा दिलं. त्यांची मोजणी दोनदा झाली. म्हणजे प्रत्येकाला एकच धरायचं हा मूळ नियमच मोडला, आणि तोही नियम पाळल्याच्या थाटात.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की बाहेरच्या कोणाला हे सांगावं लागलं नाही. जॉन हर्सानी स्वतः उपयुक्ततावादी. नोबेल मिळालेला अर्थशास्त्रज्ञ. त्यानं १९७७ च्या एका निबंधात स्पष्टच म्हटलं की मत्सर, आकस, दुसऱ्याला त्रास देण्यातलं सुख या गोष्टी बेरजेतून वगळायच्या. त्याचं कारण मला फार पटलं. आकस बाळगणारा माणूस आपल्या नैतिक समाजातून बाहेर पडत नाही, त्याच्या बाकीच्या हितांना पूर्ण वजन मिळतं. त्याच्या मनाचा फक्त तेवढा भाग हिशेबाबाहेर राहतो.

नीरक्षीर:

लेख आवडला, पण मी सहमत नाही. दोन हरकती.

पहिली हरकत सोपी आहे. "माझं आयुष्य" कुठे संपतं? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १९७० साली गाडीत सीटबेल्ट लावणं सक्तीचं केलं, जगात पहिल्यांदा. डोकं माझं, गाडी माझी, धोका माझा. पण डोकं फुटल्यावर रुग्णवाहिका सगळ्यांची, शस्त्रक्रियेची जागा सगळ्यांची, आणि पुढची वीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या मला सांभाळणारी बायको तर माझ्या डोक्याची मालकीण नव्हती. परिणाम धरले तर सगळंच सार्वजनिक होतं. परिणाम सोडले तर सगळंच खासगी होतं. तुमची रेघ हवेत आहे.

दुसरी हरकत जास्त गंभीर. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दलची इच्छा वगळायची म्हणता, तर दुसऱ्याची मुलं शिकावीत ही माझी इच्छाही वगळणार का? अनोळखी माणूस उपाशी झोपू नये म्हणून मी मत देतो, तेही दुसऱ्याच्या आयुष्याबद्दलच असतं. आकस काढायला जाल आणि करुणा पण काढून बसाल. सगळे फक्त स्वतःपुरतं मत देतील असली लोकशाही मला नको आहे.

शततारका:

दुसरी हरकत मलाही बराच काळ छळत होती, म्हणून तिचं उत्तर आधी.

उपाशी माणसाची भूक त्याच्या स्वतःच्या नावावर बेरजेत आहेच, आणि पूर्ण वजनानं आहे. माझी करुणा वगळली म्हणून ती कमी होत नाही. उलटं करून बघा. करुणेला वजन दिलं तर ज्याच्याबद्दल हळहळणारे हजार आहेत त्याची भूक मोठी ठरेल आणि ज्याच्यासाठी कोणी रडत नाही त्याची भूक लहान. अनाथ, तुरुंगातला कैदी, परका, यांचं मग काय? करुणेचं काम वेगळं आहे. ती मला त्या माणसाकडे बघायला लावते, त्याच्यासाठी मतदान करायला, बोलायला लावते. तिच्यामुळे त्याचं हित माझ्या नजरेला पडतं. त्या हितात ती स्वतःची भर घालत नाही.

सीटबेल्टबद्दल: रेघ धूसर आहे, मान्य. पण धूसर रेघेच्याही दोन्ही बाजूंना स्वच्छ प्रदेश असतो. मिलनं १८५९ साली स्वातंत्र्यावर लिहिताना एक उदाहरण दिलं आहे. पूल मोडकळीला आला आहे आणि माणूस त्यावर पाऊल टाकतो आहे. सांगायला वेळ नाही, तेव्हा त्याला धरून मागे ओढलं तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छाच नाही. सीटबेल्ट मला या पुलाच्या जवळचा वाटतो. डोकं फुटावं ही कोणाची जीवनपद्धती नसते. कोणत्या देवाला भजावं, कोणाबरोबर संसार करावा, असाध्य आजारात उपचार कधी थांबवावेत, या गोष्टी मात्र माणूस घडवतात. तिथे ओढून मागे घेणाऱ्याला नदी कुठे आहे हेच माहीत नसतं.

गणिती:

बेरीज शब्द इतका मोकळेपणानं वापरला जातोय म्हणून थोडं लिहितो.

वरच्या उदाहरणात एकाचं नुकसान पाच आणि दुसऱ्याचा फायदा एक असं धरलं आहे. हे पाच आणि एक कुठून आले? अर्थशास्त्रज्ञ लायोनेल रॉबिन्सनं १९३२ साली हाच प्रश्न अर्थशास्त्रज्ञांना विचारला. दोन माणसांच्या मनांतलं समाधान एका तराजूत घालायचं शास्त्रीय साधन आपल्याजवळ नाही. मग अर्थशास्त्रानं तीव्रता सोडून फक्त क्रम धरला: कोणाला काय आधी आवडतं, काय नंतर. पण क्रमावर उभं राहिलं तर आणखी वाईट होतं. फ्रेंच विचारवंत कोंदोर्सेनं १७८५ सालीच दाखवलं होतं की तीन पर्याय असले की बहुमत गोल फिरू शकतं. क ला ख पेक्षा पसंती, ख ला ग पेक्षा, आणि ग ला क पेक्षा! केनेथ अॅरोनं १९५१ मध्ये सिद्ध केलं की तीन किंवा अधिक पर्यायांमध्ये काही साध्या, वाजवी वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळणारी कोणतीच क्रमाधारित पद्धत नाही.

म्हणून तीव्रता मोजायची सोय मतदानातच करावी असा एक प्रयत्न आहे. प्रत्येकाला ठरावीक गुण मिळतात. एका प्रश्नावर एक मत द्यायला एक गुण, दोन मतांना चार, तीन मतांना नऊ, दहा मतांना शंभर. एकाच प्रश्नावर जीव ओतायचा तर ओता, पण बाकी सगळीकडचा आवाज सोडावा लागतो. अमेरिकेत कोलोरॅडोच्या कनिष्ठ सभागृहातल्या डेमोक्रॅटिक आमदारांनी २०१९ साली कोणत्या विधेयकांना निधीत प्राधान्य द्यायचं हे या पद्धतीनं ठरवून पाहिलं, प्रत्येकाकडे शंभर गुण. शततारकांच्या चाळीस जणांना यात बचावायची संधी आहे. मात्र आकस धरणाऱ्यालाही आपले सगळे गुण आकसावर खर्च करायची मुभा आहे. म्हणजे तीव्रता मोजली तरी काय मोजायचं हा प्रश्न शिल्लक राहतो. तेवढ्यापुरता मी शततारकांच्या बाजूचा.

पण पुढे अमर्त्य सेन उभे आहेत. त्यांनी १९७० साली एक छोटं प्रमेय मांडलं आणि तुमच्या समेटाला खरा धोका तिथे आहे. माझ्या शब्दांत उदाहरण देतो.

दोन सहकारी, आणि रजा एकच शिल्लक. एक कष्टाळू, दुसरा आरामप्रिय. कष्टाळूचं मत: कोणीच रजा घेऊ नये हे उत्तम. घ्यायचीच तर मी घेतो, त्या आळशाला मिळू नये. आरामप्रियाचं मत: कष्टाळूनंच घ्यावी, त्याला विश्रांती म्हणजे काय ते कळू दे. नाहीतर मी घेतो. वाया जाणं सगळ्यात वाईट.

आता प्रत्येकाला स्वतःच्या रजेपुरता अधिकार देऊ. कष्टाळू "मी घेतो" आणि "कोणीच नको" यांत "कोणीच नको" निवडतो. ठीक. आरामप्रिय "मी घेतो" आणि "कोणीच नको" यांत "मी घेतो" निवडतो. तेही ठीक. म्हणजे रजा आरामप्रियाला. पण आरामप्रियानं रजा घेण्यापेक्षा कष्टाळूनं घेतलेली बरी, यावर दोघांचंही एकमत आहे! दोघांनाही जे जास्त आवडतं ते व्यक्तिस्वातंत्र्य पाळल्यामुळे हातचं जातं. इतकं थोडं स्वातंत्र्य आणि इतकी साधी सर्वसंमती, तरी दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

शततारका:

गणिती, हे उदाहरण फार चांगलं मांडलंत. पण ते माझ्या बाजूनंच साक्ष देतं असं मी म्हणेन. ते एकमत कशाचं आहे ते पाहा. कष्टाळूला दुसऱ्याचा आराम बघवत नाही आणि आरामप्रियाला दुसऱ्याला धडा शिकवायचा आहे. दोघांच्याही पसंतीचा तो भाग दुसऱ्याच्या आयुष्यावर बेतलेला आहे. तो वगळला तर कष्टाळूला रजा नको आहे आणि आरामप्रियाला हवी आहे. विरोध संपला. सेन यांनी स्वतः सुचवलेला एक मार्गही या दिशेचाच आहे: दुसऱ्याच्या हक्काचा मान राखणारा माणूस आपली अशी पसंती सामूहिक निर्णयात मोजली जावी हा आग्रह सोडतो. ती पसंती त्याच्या मनात राहीना का.

उंबरठा:

तुम्ही सगळे निवड ही जणू माणसाच्या आत आधीपासून तयार असते असं धरून चाललात. माझा आक्षेप तिथे आहे.

आधी बेरजेत कोण, हे बघू. जेम्स मिल, म्हणजे जॉनचे वडील आणि बेंथॅमचे निकटचे सहकारी, यांनी १८२० साली शासनावर निबंध लिहिला. ज्यांचं हित दुसऱ्याच्या हितात सामावलेलं आहे त्यांना मताधिकार न दिला तरी चालेल, असं त्यात म्हटलं. बायकांचं हित वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या हितात सामावलेलं, म्हणून त्या बाहेर. बेरजेचा सिद्धांत मांडणाऱ्या माणसानं निम्मी माणसं एका ओळीत वजा केली. १८२५ मध्ये विल्यम थॉम्पसननं अॅना व्हीलर यांच्या साथीनं पुस्तकभर उत्तर दिलं. पुढे जेम्सचाच मुलगा १८६७ साली ब्रिटिश संसदेत उभा राहिला आणि मताधिकाराच्या विधेयकात "पुरुष" ऐवजी "व्यक्ती" असं घाला म्हणाला. ७३ विरुद्ध १९६. हरला.

आणि हे सगळं फार जुनं नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९५९ साली बायकांना मताधिकार द्यावा का यावर फक्त पुरुषांनी सार्वमत दिलं आणि साधारण दोन तृतीयांश पुरुष नाही म्हणाले. १९७१ मध्ये जवळपास तेवढेच हो म्हणाले. पण आपेनझेल इनररोडन या कँटनच्या (तिथल्या प्रांताच्या) स्थानिक कारभारात बायकांना मत नव्हतंच. तिथे मोकळ्या चौकात सभा भरते आणि हात वर करून निर्णय होतो. पुरुष परंपरेनं कमरेला तलवार लावून येतात आणि मताधिकाराची खूण म्हणून ती पुरेशी असते. एप्रिल १९९० मध्येही त्या चौकात बहुसंख्य हात बायकांच्या विरोधात गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना मताधिकार द्यायला लावला.

माझा खरा मुद्दा आता. असा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालला की त्या बायकांपैकी कित्येक जणी मनापासून म्हणतात, आम्हाला नकोच आहे मत. त्यांच्या तोंडून वदवलेलं नसतं ते, त्यांना खरंच तसं वाटतं. ज्याला कधीच काही मिळालं नाही तो थोडक्यात समाधानी व्हायला शिकतो. मग बेरीज म्हणते सगळं आलबेल आहे आणि निवडीचा आदर करणाराही म्हणतो, तिनंच निवडलं. दोघंही एकाच अन्यायावर शिक्का मारून मोकळे. शततारका, तुमच्या चाळणीतून आकस गाळला जातो. लादलेलं समाधान त्यातून आरामात पार होतं.

शततारका:

याला माझ्या मूळ मांडणीत उत्तर नव्हतं, तुमच्या प्रतिसादामुळे विचार करावा लागला.

एक वाट अशी की अशा माणसाची "खरी" इच्छा काय असती ते आपणच ठरवायचं. ती वाट मला भयंकर वाटते. तुझं भलं तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं, हे प्रत्येक जुलमी सत्तेचं पहिलं वाक्य असतं. दुसरी वाट: निवडीला हात लावायचा नाही, निवड ज्या परिस्थितीत होते तिला लावायचा. समोर खरोखर दुसरा पर्याय होता का, नकार दिला तर पोट भरलं असतं का, वेगळं जगणारं कोणी डोळ्यांसमोर होतं का. हे प्रश्न बाहेरून तपासता येतात, त्यासाठी मनात शिरावं लागत नाही. आपेनझेलच्या ज्या बाईला मत नको होतं तिला १९९० नंतरही घरी बसायची मुभा होतीच. हक्क मिळाल्यानं तिची निवड गेली नाही. उलट तिथून पुढेच ती निवड म्हणण्याजोगी झाली.

पांथस्थ:

चर्चेत डॉ. आंबेडकर आले नाहीत याचं आश्चर्य वाटलं. ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी गाव हा घटक टाकून व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. हीच ती "कोणाला एक धरायचं" ची निवड. गट एक धरला की गटातला दुबळा बेरजेत कधी दिसतच नाही. त्याच भाषणात त्यांनी घटनात्मक नैतिकतेसाठी, म्हणजे घटनेच्या चौकटीचा मान राखण्याच्या वृत्तीसाठी, इंग्रज इतिहासकार जॉर्ज ग्रोटचा दाखला दिला, आणि हा ग्रोट बेंथॅम-मिल वर्तुळातलाच, गुप्त मतदानासाठी संसदेत वर्षानुवर्षं झगडलेला. ही नैतिकता नैसर्गिक नसते, ती अंगी बाणवावी लागते, असं आंबेडकर तिथे म्हणाले. उंबरठा यांच्या मुद्द्याशी हे जोडून पाहावं.

रात्रपाळी:

मी तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी नाही, अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. तुमचा वाद आमच्याकडे रोज खाटेवर येतो, म्हणून लिहिते.

मेंदूमृत्यू ठरवताना आम्ही बुबुळावर उजेड टाकून बाहुली आक्रसते का बघतो. डोळ्याला कापसाचं टोक लावून पापणी हलते का बघतो. शेवटी काही मिनिटं व्हेंटिलेटर सोडवतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतो, आणि छाती आपणहून हलते का याची वाट बघत उभे राहतो. ती हलत नाही. मग व्हेंटिलेटर परत जोडतो आणि बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलतो. ते आत जातात तेव्हा छाती वरखाली होत असते, हात कोमट असतो, पडद्यावर हृदयाचे ठोके दिसत असतात. आणि अशा वेळी अवयवदानाचं विचारायचं असतं.

बेरीज करायची तर उत्तर एका क्षणात मिळतं. एका शरीरातून सात-आठ जणांना अवयव मिळू शकतात. त्यामुळे काही देशांनी नियम उलटा केला: जिवंतपणी नकार नोंदवला नसेल तर संमती धरायची. वेल्समध्ये डिसेंबर २०१५ पासून, इंग्लंडमध्ये मे २०२० पासून. स्पेनमध्ये तर १९७९ पासून कायदा असाच आहे, आणि अवयवदानात स्पेन जगात सर्वांत पुढच्या देशांत असतो. लोक म्हणतात, बघा, गृहीत संमतीचा परिणाम.

पण तारखा नीट बघा. कायदा १९७९ चा. दहा वर्षांनी, १९८९ साली, तिथे दहा लाख लोकसंख्येमागे साधारण १४ मरणोत्तर दाते होते. त्या वर्षी राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था उभी राहिली, रुग्णालयारुग्णालयात प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले. बहुतेक जण अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर, म्हणजे कुटुंबानं आधीपासून पाहिलेले चेहरे. २०१९ पर्यंत हा आकडा ४८ च्या पुढे गेला. आणि कायद्यानं संमती गृहीत असली तरी प्रत्यक्षात तिथे कुटुंबाला विचारलंच जातं, नकार आला तर तो पाळला जातो.

म्हणजे निवड बाजूला सारल्यानं बेरीज वाढली असं तिथे घडलेलं नाही. कोणीतरी शेजारी बसून, घाई न करता विचारलं, त्यानं ती वाढली. ज्या घरात आम्ही गडबडीत, दारात उभ्यानं विचारतो तिथे नकार येतो हे मीही पाहिलं आहे. आणि रुग्णालयाला आपल्या माणसापेक्षा त्याचे अवयव हवे आहेत, असा संशय एकदा घरात शिरला की पुढच्या दहा घरांत तो पोचतो. विश्वास बेरजेत कुठे धरतात ते मला माहीत नाही, पण तो धरला नाही तर बेरीज चुकणार हे नक्की.

नीरक्षीर:

रात्रपाळी, मनापासून आभार.

तुमचंच उदाहरण पुढे नेतो. स्वित्झर्लंडमध्ये मे २०२२ च्या सार्वमतात साधारण साठ टक्के लोकांनी गृहीत संमती मंजूर केली. जर्मनीच्या संसदेनं जानेवारी २०२० मध्ये तोच प्रस्ताव फेटाळला. दोन्ही लोकशाहीच. माझा प्रश्न स्विस चाळीस टक्क्यांबद्दल नाही, त्यांना नकार नोंदवता येतो. ज्याला हा कायदा कळलाच नाही, ज्याला अर्ज वाचता येत नाही, जो कचेरीत जायला घाबरतो, त्याचं मौन संमती म्हणून मोजलं जाईल. नकार देणं सुशिक्षिताला सोपं आणि दुबळ्याला अवघड असेल तर तो हक्क कागदावर सगळ्यांचा आणि व्यवहारात काहींचाच. मी जर्मनीच्या बाजूनं मत दिलं असतं.

मुक्तछंद:

सुशिक्षित म्हणालात म्हणून आठवलं. स्वातंत्र्याचा कैवारी मिल १८६१ च्या प्रातिनिधिक शासनावरच्या ग्रंथात शिकलेल्यांना एकापेक्षा जास्त मतं द्यावीत असं सुचवतो. प्रत्येकाला एक धरायचं म्हणणारा सिद्धांत चांगल्या निकालाच्या ओढीनं तिथपर्यंत घसरू शकतो.

शततारका:

मुक्तछंद, खरं आहे, आणि मिलच्या त्या प्रस्तावाचं समर्थन मी करणार नाही. ज्याचे परिणाम मला भोगायचे आहेत त्यावर माझं मत कमी वजनाचं का, याला पुस्तकं वाचली नाहीत म्हणून, हे उत्तर होत नाही. शिवाय कमी शिकलेल्यालाच आपली अडचण सर्वांत नेमकी ठाऊक असते, आणि नीरक्षीर यांच्या अर्ज न वाचता येणाऱ्या माणसाची अडचण शिकलेल्यांच्या कायद्यानंच तयार केली आहे.

गृहीत संमतीवर मी अजूनही स्विस बाजूला झुकते, पण एका अटीवर. नकार देणं हे संमती देण्याइतकंच सोपं हवं, आणि ती सोय लोकांपर्यंत नेणं सरकारवर बंधनकारक हवं. ती अट पुरी होत नसेल तिथे कुटुंबाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उंबरठा:

जे अजून जन्मलेच नाहीत, ते? त्यांना मत नाही, नकार नाही, आवाज नाही. बेरीजवाले म्हणतील ते संख्येनं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा आपण सगळं त्यांच्यासाठी सोडावं. निवडवाले म्हणतील, नसलेल्या माणसाला कसली निवड. इथे तुमचा समेट काय सांगतो?

शततारका:

त्यांना काय आवडेल हे आपल्याला कळणं शक्य नाही, म्हणून त्यांच्या सुखाचा आकडा मांडणं मला खोटं वाटतं. पण त्यांच्यासमोर किती पर्याय शिल्लक राहतील हे बऱ्याच अंशी सांगता येतं. जर्मनीच्या घटना न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये नेमकं हेच केलं. काही तरुणांनी २०१९ च्या हवामान कायद्याला आव्हान दिलं होतं. न्यायालय म्हणालं, उत्सर्जन कपातीचा फार मोठा भार २०३० नंतरच्या काळावर ढकलला आहे, आणि तो पेलताना पुढच्यांच्या जवळजवळ प्रत्येक स्वातंत्र्यावर मर्यादा येईल. पुढच्या पिढीचं सुख किती, हा हिशेब न्यायालयानं केला नाही. आज खर्चून टाकलेली मोकळीक उद्या कोणाला उरणार नाही, हे पाहिलं.

नीरक्षीर:

पण हे ठरवलं कोणी? निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी. तुम्ही बहुमताच्या डोक्यावर एक नवा बेरीज करणारा बसवताय, आणि त्याला कोणीच मत दिलेलं नाही.

शततारका:

न्यायाधीशांनी स्वतः बेरीज केली असती तर मी तुमच्याबरोबर असते. त्यांनी कायद्यातला एक भाग घटनेला धरून नाही एवढं सांगितलं आणि २०३० नंतरचा आराखडा नीट करा म्हणून तो संसदेकडे परत पाठवला. संसदेनं त्याच वर्षी कायदा बदलला. १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत ५५ टक्के कपातीचं उद्दिष्ट ६५ टक्क्यांवर नेलं आणि कार्बन-तटस्थतेचं (जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषण होण्याचं) वर्ष २०४५ असं ठरवलं. हे आकडे न्यायालयाच्या निकालातले नाहीत. ते निवडून आलेल्यांनी वाद घालून, मतदान करून ठरवले, आणि पुढची संसद ते पुन्हा मतदानानं बदलू शकते. त्या बदलात आजच्या मतदारांपुरतीच मोजणी करून थांबण्याची मुभा मात्र आता तिला नाही.